ग्राइंडर माळ्यावर टाक

पत्र :
नमस्कार सर. वय २३, फिटरचा आयटीआय झालाय, गाव मानवत तालुक्यात. दादांची (वडिलांची) १९९९ची स्प्लेंडर चार वर्षांपासून गोठ्याशेजारच्या शेडात उभी आहे. मला तिची घरीच कॅफे रेसर करायचीय. मागचं चेसिस कापून गोल लूप वेल्ड करायचा, एकट्यापुरती सीट, खाली झुकलेलं हँडल, गाडी पुढून खाली, मागे रुंद टायर आणि सायलेन्सरच्या जागी सरळ पाइप. व्हिडिओ बघून सगळं पाठ झालंय. ग्राइंडर घरचा आहे, वेल्डिंग मशीन मित्र देतोय. ५० हजार जमवलेत. दादा म्हणतात, "काहून कापायलास चांगली गाडी? पैसे लई झाले का?" आठ दिवस झाले, धड बोलत नाहीत. करू का नको?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर :

बाबा रे, गाडी कर. ग्राइंडर तेवढा माळ्यावर टाक.

माझं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याची कारणं. जे पान्याने निघतं आणि पान्यानेच परत बसतं, ते मनाला येईल तसं बदल. जे कापल्याशिवाय किंवा वेल्डिंगशिवाय होत नाही, ते या गाडीवर करू नको. तुझ्या यादीत सहा कामं आहेत. त्यातली दोन तर अशीच होतात, आणि एक जरा वेगळ्या वाटेने जमतं. उरलेल्या तिनांचा नाद सोड.

मी हे खोड मोडून शिकलोय. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी थोरल्या भावाची येझदी माझ्या हाती आली. जिची किकच पुढे दाबली की गिअरचा दांडा व्हायची, ती. तेव्हा व्हिडिओ नव्हते, एका मासिकातलं चित्र होतं. मी मागचा सांगाडा वीतभर कापला आणि वखर-तिफणीची कामं करणाऱ्या एका वेल्डरकडून दोन्हीकडे पाइप जोडून घेतला. जोड असा सुरेख आला होता की मी तो दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. दोन-अडीच महिन्यांनी मेहुण्यांना मागे बसवून वसमतकडे निघालो. झिरो फाट्याच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागची सीट सरळ टायरवर बसली. चाक जाम झालं आणि आम्ही दोघं मुरमात गेलो. मेहुण्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं. बहीण पुढे वर्षभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची.

नंतर गाडी बघितली तर जोड शाबूत. पाइप तुटला होता तो जोडापासून बोटभर अंतरावर. फिटर आहेस म्हणून सांगतो, पातळ पाइपला वेल्डिंगचा ताप लागला की जोडाच्या शेजारच्या पट्ट्यातल्या धातूचा गुण पालटतो. जोड जाड आणि ताठ होतो, शेजारचा पाइप पातळच राहतो, आणि प्रत्येक हादऱ्याला वाकण्याचा भार नेमका त्या सीमेवर येतो. तिथे आधी केसाएवढी चीर जाते. माझ्याही गाडीला गेली होती. रंगावर तांबूस रेघ आठ-दहा दिवस दिसत होती आणि मी ओरखडा समजून तिच्यावर काळा रंग मारला होता.

तू आयटीआयमध्ये पट्टीला पट्टी जोडलीस ती टेबलावर, आडवी ठेवून. इथे गोल पाइपला चारी बाजूंनी जोड फिरवायचाय, तोही सांगाडा जिगमध्ये (हलू नये म्हणून घट्ट धरणाऱ्या साच्यात) न बांधता. ताप लागला की पाइप ओढला जातो, मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेतून सुटतं आणि गाडी सरळ रस्त्यावर एका अंगाला ओढू लागते. हे काम उत्तम करणारे लोक आहेत, पण त्यांच्याकडे जिग असतो आणि हातात पंधरा-वीस वर्षांची सवय असते. व्हिडिओत लूप बसवलेला दिसतो. त्याच गाडीचं दोन पावसाळ्यांनंतर काय झालं, ते कोणी दाखवत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या आणि आर.सी.वर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली : परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' हा शब्द नीट वाच. कापलेलं चेसिस, सरळ पाइप आणि काढून टाकलेला मडगार्ड हे तीन वेगळे फेरफार मोजले जाऊ शकतात. दंडाचं सोड, भरून मोकळा होशील. पण अपघात झाला आणि समोरच्याला लागलं, तर कापलेल्या चेसिसची गाडी घेऊन तू विमा कंपनीसमोर आणि कोर्टात काय सांगणार? हँडल खटकलं असं निरीक्षक म्हणाला, तर मूळ हँडल अर्ध्या तासात परत बसतं. कापलेलं चेसिस परत आणता येत नाही.

म्हणून पहिलं काम शेडात जाऊन गाडी खोलण्याचं नाही. कपाटातून आर.सी. काढ. १९९९च्या गाडीची १५ वर्षं २०१४ला भरली. तेव्हा आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, म्हणजे २०१४, २०१९ आणि २०२४. दादांनी एकदा केलं असेलही, तिन्ही वेळा केलं असेल असं वाटत नाही. उशिराचं शुल्क महिन्याच्या हिशोबाने चढत राहतं, पर्यावरण कर वेगळा. गाडी परभणीच्या आरटीओत प्रत्यक्ष न्यावी लागते. तिथे चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. हा नंबर हँडलच्या मानेपाशी ठोकलेला असतो. हौशी पोरं नेमकी तिथेच पुटी भरून, घासून, जाड पावडर कोटिंग करून घेतात आणि मग छाप काही उमटत नाही. नंबर पुसलेल्या गाडीकडे चोरीची गाडी म्हणून बघतात, आणि त्यात चूक काही नाही. रंगाआधी नंबरवर टेप लाव. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, तीही घेऊन टाक. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी तर आहेच. आर.सी. दादांच्या नावावर आहे, म्हणजे सह्या त्यांच्याच लागणार. बोलणं सुरू व्हायला हे निमित्त वाईट नाही.

आणि क्रम ध्यानात ठेव. आधी गाडी जशी होती तशी चालू कर, त्याच रूपात नूतनीकरण करून घे, नटवण्याचं मग बघ. उलटं करणाऱ्यांच्या गाड्या मी बऱ्याच गावांत बघतो. रंगवलेली टाकी भिंतीला, इंजिन पोत्यात, नट-बोल्ट कुठल्या डब्यात आहेत ते देवाला ठाऊक.

खोलण्याबद्दल एक युक्ती सांगतो, बाकी तुला येतंच. इंजिनच्या साइड कव्हरचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, कव्हर दाबत नाही, आणि तू जोर करत राहिलास की अॅल्युमिनियमच्या चुड्या (भोकातले आटे) बाहेर येतात. म्हणून खोक्याचा पुठ्ठा घे, त्यावर कव्हरचा आकार काढ, जिथला बोल्ट तिथे भोक पाडून खोचून ठेव. जोडायला सहा महिने लागले तरी गफलत होत नाही. दुसरं म्हणजे कार्बोरेटरचे चार चिरींचे स्क्रू जपानी घडणीचे असतात, बाजारचा साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. जपानी मापाचा एक विकत घे. पन्नास हजारांतला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च तो असेल.

चार वर्षं उभी गाडी म्हणजे टाकीत गंज असणारच. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि जुनं रबर त्याने फुगतं. पेट्रोल पाइप, कॉकचा वॉशर, कार्बोरेटरमधल्या ओ-रिंग, सगळं रबर नवं घाल. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर जुने नट टाकून दोन दिवस अधूनमधून हलव. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धू. बोअरचं पाणी वापरू नको, आपल्याकडे क्षार किती ते घरच्या हंड्याच्या बुडाला बघ. धुतली की लगेच उन्हात तापव आणि आत ऑइल फिरव. टाकीला चेप असेल तर असू दे, आणि कोणी "वेल्डिंगने ओढून काढतो" म्हणालं तर टाकी उचलून घरी ये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते. आत पेट्रोलची वाफ उरते आणि ठिणगी त्या वाफेलाच लागते.

आता रूपाकडे. कॅफे रेसर डोळ्यांना दिसते ती एका रेषेने : टाकीचा तळ आणि सीट एका आडव्या ओळीत, आणि मागे छोटंसं कुबड. ही रेषा न कापता मिळते. मूळ सीट ज्या जागी बोल्टवर बसते त्याच जागी बसेल असा पत्र्याचा नवा तळ कर. वर कमी जाडीचा पण टणक फोम, शिवून घ्यायला परभणीत सीट कव्हरवाला गाठ. कुबड फायबरचं कर आणि चार बोल्टवर बसव, म्हणजे एकटा फिरताना लावता येईल आणि एरवी काढता येईल. फायबर करायला उन्हाळा निवडलास तर पहाटे बस. दुपारी ४२ अंशांत हार्डनरचं नेहमीचं माप घातलंस तर रेझिन डब्यातच दगड होतं. ही कामं उघड्यावर कर, शेडात नको. तो वास डोक्यात जातो आणि शेजारी तुमची जनावरं आहेत.

कुबड काढता येईल असं म्हणालो, त्याचं कारण तुझ्या पत्रातच नाही. आई कुठे बसणार? आर.सी.वर दोन माणसांची गाडी आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला पायदान आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारी जाळी, हे तिन्ही केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमात आहेत. आपण तिला साडी गार्ड म्हणतो. फोटोसाठी पोरं सगळ्यात आधी तीच काढून फेकतात. चाकात अडकलेला पदर मी एकदाच बघितलाय, दुसऱ्यांदा बघायची इच्छा नाही.

हँडल खुशाल बदल, पण मधल्या उंचीचं घे. अगदी खाली झुकलेलं घेतलंस तर परभणीला पोचेपर्यंत मनगटं बधिर होतील. बसवल्यावर दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ : हँडल टाकीला लागत नाही ना, क्लच-रेसच्या केबल ताणत नाहीत ना. वळवताना रेस आपोआप वाढत असेल तर केबल चुकीच्या वाटेने गेलीय.

गाडी पुढून खाली करण्याचा विचार सोडून दे. त्यासाठी गावोगाव शॉकअपच्या स्प्रिंगचे वेढे कापतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग आखूड होते आणि कडकही, मग प्रत्येक खड्डा थेट खांद्यात. शिवाय पुढचं चाक कुठे टेकतं आणि हँडलची मान कुठल्या कोनात आहे, यावर गाडीचं सरळ चालणं ठरतं. हातगाड्याचं फिरतं चाक ओढताना आपोआप मागे वळून सरळ होतं ना, तसाच ओढा मोटरसायकलच्या पुढच्या चाकालाही असतो. पुढून खाली घेतली की तो ओढा कमी होतो. ताशी ६० ला हँडल हातात थरथरायला लागतं.

रुंद टायरचंही तेच. मूळ माप २.७५-१८. त्याच्या एक माप वर ३.००-१८ बहुतेक ठिकाणी बसतो. त्याहून रुंद घातलास तर एकीकडे चेन टायरला घासते, दुसरीकडे अरुंद रिमवर टायर गोल फुगतो आणि वळणावर टेकायला नको तिथे टेकतो. रिम जुनीच ठेवणार असशील तर आरे तपासून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून घे. हे काम चांगल्या हाताकडूनच करून घे, तिथे घासाघीस नको.

सायलेन्सर. हे तुला पटणार नाही, तरी ऐक. सरळ पाइप आणि उघडा कोन फिल्टर लावला की इंजिन जास्त हवा ओढतं, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मात्र जुन्याच मापाचं पेट्रोल देतो. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. प्लग काढून बघ : कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढरट असेल तर पातळ, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. मे महिन्यात मानवत रोडच्या चढावर पांढरा प्लग म्हणजे पिस्टनला ताप. ९७ सीसीच्या इंजिनात मुळात सात-आठ घोड्यांची ताकद, पाइप बदलून त्यात काही भर पडत नाही, नुसता आवाज वाढतो. आणि त्या आवाजाला पोलीस आधीच कान लावून बसलेले असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत शिवारातल्या रस्त्याला किती फुफाटा असतो ते तुला माहीत आहे. तो अडवतो मूळ फिल्टरचा डबा. तो जागेवरून हलवू नको. सायलेन्सर तोच ठेव, घासून उष्णता सहन करणारा काळा रंग मार. रूप तेवढ्यानेही पालटतं.

मडगार्डबद्दल तुझ्यासारख्यांशी माझं नेहमी भांडण होतं. शहरातली चित्रं बघून तो आखूड करतात आणि टायरला चिकटवून बसवतात. आपल्या काळ्या मातीत मृगाचा पाऊस पडला की शंभर पावलांत टायर आणि मडगार्डच्या मधली जागा गच्च भरते, चाक फिरायचं थांबतं आणि माणूस उतरून काडीने माती कोरत बसतो. उंचावर बसव, मागून लांब ठेव. पुढचा मडगार्ड शॉकअपच्या दोन्ही नळ्या एकमेकींना बांधून धरतो, हेही विसरू नको.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट सांगतो. त्या काळच्या स्प्लेंडरचा हेडलाइट थेट कॉइलच्या एसी करंटवर चालतो, म्हणून रेस कमी केली की दिवा मंद होतो. त्यावर बाजारचा एलईडी लावलास तर फडफडेल नाहीतर जळेल. आधी तो डीसीवर घ्यावा लागतो, आणि तसं केलं की बॅटरी व रेग्युलेटरवरचा भार मोजावा लागतो. हिरवी वायर अर्थिंग, लाल बॅटरीची, काळी चावीनंतरची, एवढं ध्यानात ठेवलंस तर निम्मं वायरिंग उलगडतं. फ्यूज काढून तिथे तांब्याची तार पिळणारा मेकॅनिक भेटला तर पुढचं दुकान बघ.

पैशांचं म्हणशील तर पन्नास हजार कमी नाहीत, पण वाटणी बरोबर हवी. कागद, टायर, ब्रेक लायनर, हँडलचे बॉलरेसर, स्विंगआर्मचे बुश, चेन-सॉकेट, इंजिनचं किट यांना आधी काढून ठेव. उरेल त्यात रंग आणि सीट. रंग मूळचा सोडून दुसरा दिलास तर आर.सी.वर नोंद करून घे. तुझं एक नशीब की गाडी स्प्लेंडर आहे. तुझ्या वयाची पोरं आरएक्स १००साठी वेडी होतात. ती बनायची १९९६लाच थांबली, अस्सल सुट्या भागांसाठी गावोगाव फिरावं लागतं. स्प्लेंडरचं लायनर सेलूत मिळतं, पाथरीत मिळतं, मोठ्या खेड्यातल्या किराणा दुकानाशेजारीही मिळतं.

कापायची आणि जोडायची हौस तरी राहीलच, ती मलाही होती. भंगारातून दोन-चार मीटर पाइप आण आणि त्याचं स्टँड कर, रॅक कर, आईला चुलीपुढचा पाट कर. शंभर जोड टाक, करवतीने आडवे कापून आत बघ किती भरलेत. दुसऱ्याच्या गाडीचं भंगार चेसिस मात्र विकत आणू नको. ते कोणत्या गाडीचं, कुठून आलं, हे विचारायला पुढे कोणीतरी येतं.

आता दादांचं. "चांगली गाडी" म्हणाले ते. चार वर्षं बंद पडलेल्या गाडीला कोणी चांगली म्हणत नाही. त्यांना ती अजून १९९९मधलीच दिसतेय. विकली नाही, भंगारवाला दहादा दारावरून गेला असेल तरी दिली नाही. गाडी कोणत्या साली कोणाकडून घेतली, कापसाचे पैसे होते का कर्ज, पहिल्यांदा कुठे नेली, हे आर.सी. शोधायच्या निमित्ताने विचार. मग इंजिन उतरवायच्या दिवशी त्यांना बोलाव. स्प्लेंडरचं इंजिन उतरवायला दोन माणसं लागतात. एकाने खालून पेलायचं, दुसऱ्याने शेवटचा बोल्ट ओढायचा. तू खालून पेल.

गाडी सुरू झाली की पहिले पन्नास किलोमीटर गावाच्या आसपासच फिरव. परत येऊन प्रत्येक नट पुन्हा तपास, चेनची ढील बघ, आरे बोटाने वाजवून बघ, ऑइल गळतंय का म्हणून रात्री खाली पांढरा पुठ्ठा ठेव. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर परभणीला जा. कुबड घरी ठेव, आईला मागे घे.